नाव भाड्याचं, गिऱ्हाईक विकतचं

मॅरिऑट आणि हयात, दोघं एकमेकांचे स्पर्धक. हे हॉटेलात कधी न उतरलेल्यालाही ठाऊक असतं. पण अमेरिकेत ‘हयात’च्या नावाने टाइमशेअर विकतं कोण? मॅरिऑट व्हेकेशन्स वर्ल्डवाइड नावाची कंपनी.

शेरेटनचा टाइमशेअर? तीच. वेस्टिनचा? तीच.

मग ही कंपनी तरी मॅरिऑट हॉटेलवाल्यांची असेल ना? तीही नाही. २०११ साली ती वेगळी झाली. आता फक्त नाव लावते आणि त्याचं भाडं भरते.

डोकं गरगरलं? चालायचंच. या धंद्यात गिऱ्हाइकाचं डोकं गरगरल्यावरच पेन पुढे केलं जातं.

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधला दरवर्षीचा एक आठवडा आगाऊ विकत घेणं, एवढं सांगून थांबतो. मॉलच्या दाराशी ठेवलेल्या डब्यात तुम्हीही कधीतरी चिठ्ठी टाकलीच असेल. नंबर लागला म्हणून फोन येतो. ‘सर, मॅडमना घेऊनच या हं.’ बक्षीस नवऱ्याला लागलं, मग बायको कशाला? कारण ‘घरी विचारून सांगतो’ ही आपली शेवटची ढाल. ती दारातच काढून घ्यायची असते.

पुढचं पाठ आहे. बँक्वेट हॉल, गोल टेबलं, कर्कश गाणी, पोरांना वेफर्स. टायवाला मुलगा विचारतो, वर्षाला फिरण्यावर किती जातात? तुम्ही आकडा सांगता. तो त्याला पंचवीसने गुणतो, वर महागाई चढवतो आणि कागद तुमच्याकडे फिरवतो. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी सही करतं, हॉलभर टाळ्या पडतात. मग ‘सीनियर’ येतात. त्यांच्याकडे खास दर असतो. आजपुरता.

उद्या का नसतो? उद्या तुम्ही शुद्धीवर असता.

आपली अमेरिकेतली मंडळी यातून सुटलीत असं समजू नका. पोरांना डिस्ने दाखवायला ऑर्लँडोला जातात आणि स्वस्त तिकिटांच्या मोहात ‘फक्त ९० मिनिटांचं’ प्रेझेंटेशन ऐकायला बसतात. अर्धा दिवस गेल्यावर बाहेर येतात, तेव्हा तिकिटं हातात असतात. आणि फ्लोरिडातला दरवर्षीचा एक आठवडा गळ्यात.

मुळात या धंद्याला अब्रू अशी नव्हतीच. ती आणली हॉटेलवाल्यांनी. १९८४ साली मॅरिऑटने साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावरची एक कंपनी घेऊन या धंद्यात पाय ठेवला. (हिल्टन हेडचा हिल्टन हॉटेलशी काडीचा संबंध नाही. नावांचा घोळ बेटापासूनच सुरू होतो.) १९९१ मध्ये डिस्ने आली, पाठोपाठ हिल्टन.

मोठी नावं आली आणि धंदा धुऊन निघाला. टेबलं तीच, टाळ्या त्याच, सीनियर तोच. पण पाटीवर आता असं नाव, की गिऱ्हाईक आपणहून पाकीट काढतं.

मग हॉटेलवाल्यांना दुसरा साक्षात्कार झाला. टाइमशेअर कंपनी गिऱ्हाइकाला नुसता आठवडा विकत नाही, त्यासाठी कर्जही तीच देते. व्याज १४-१५ टक्क्यांच्या घरात. त्या कर्जांचे गठ्ठे बांधून त्यांचे रोखे बाजारात विकले जातात. २००८ साली तो बाजारच बसला. तेव्हा वॉल स्ट्रीटला वाटू लागलं, की चांगल्या हॉटेलच्या ताळेबंदात ही भानगड बरी दिसत नाही.

झालं! २०११ मध्ये मॅरिऑटने टाइमशेअर वेगळा काढला. २०१७ मध्ये हिल्टनने, २०१८ मध्ये विंडहॅमने. हयातने तर २०१४ मध्ये विकूनच टाकला.

काडीमोड झाला म्हणजे संबंध संपला? छे, पोटगी सुरू झाली. २०११ च्या करारानुसार मॅरिऑट हॉटेलला मॅरिऑट व्हेकेशन्सकडून वर्षाला पाच कोटी डॉलर ठरीव, शिवाय विक्रीवर दोन टक्के. करार कित्येक दशकांचा. हिल्टन ठरावीक उत्पन्नाच्या पाच टक्के घेते. नळ गळो, गादी फाटो, गिऱ्हाईक कोर्टात जावो. नाव देणाऱ्याचा चेक वेळेवर.

याला बिझनेस स्कूलात ‘अ‍ॅसेट-लाइट’ म्हणतात. हलकं कोण झालं, ते विचारायचं नसतं.

आता हयातची कुंडली पुरी मांडू. २०१४ मध्ये हयातचा टाइमशेअर घेतला तो इंटरव्हल लीझर ग्रुपने, म्हणजे आयएलजीने. या मंडळींचा मूळ व्यवसाय आठवड्यांच्या अदलाबदलीचा. मे २०१६ मध्ये आयएलजीने स्टारवुडचा टाइमशेअर घेतला, त्यात शेरेटन आणि वेस्टिनची नावं आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅरिऑट हॉटेलने अख्खं स्टारवुड गिळलं, सुमारे १,३०० कोटी डॉलरना. म्हणजे शेरेटनचं हॉटेल मॅरिऑटचं, पण शेरेटनचा टाइमशेअर परक्याच्या घरी. हे बरं दिसेना. २०१८ मध्ये मॅरिऑट व्हेकेशन्सने सुमारे ४७० कोटी डॉलर मोजून आयएलजीच उचलली.

आणि शेरेटनच्या मागून हयातही घरात आलं.

इथवर आल्यावर थांबायला कोण तयार असतं? २०२१ मध्ये वेल्क रिसॉर्ट्स, सुमारे ४३ कोटी डॉलर. लॉरेन्स वेल्क हा अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा बँडमास्टर, एका पिढीचा टीव्हीवरचा लाडका. त्याच्या नावावर भाळून कॅलिफोर्नियातल्या आजी-आजोबांनी आठवडे घेतले होते. कंपनीने ती रिसॉर्ट्स हयातच्या नावाखाली नेली. बँडवाला गेला, वरात चालू. आजी-आजोबांना हयात हवं होतं का?

विचारलं कुणी?

एका पलंगाची गोष्ट तर याहून सरस आहे. सिग्नेचर रिसॉर्ट्स नावाची कंपनी होती. १९९८ मध्ये तिचं बारसं होऊन ती सनटेरा झाली. २००० मध्ये सनटेराने दिवाळखोरीचा आसरा घेतला. २००७ मध्ये ती डायमंड रिसॉर्ट्सच्या हाती गेली, पाटीवर हिरा आला. २०१६ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीने २२० कोटी डॉलर देऊन डायमंड घेतली. त्याच वर्षाअखेर अ‍ॅरिझोनाच्या अ‍ॅटर्नी जनरलबरोबर आठ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. आरोप विक्रीच्या वेळी केलेल्या भूलथापांचा. २०२१ मध्ये हिल्टन ग्रँड व्हेकेशन्सने डायमंड घेतली, १४० कोटी डॉलरचे शेअर देऊन. आता पाटीवर हिल्टन.

पलंग एकच, पाट्या चार. दर नव्या पाटीबरोबर स्वागताचं नवं पत्र येतं. देखभालीचं बिल मात्र जुन्याच पत्त्यावर येतं, आणि दरवर्षी थोडं फुगून.

तुम्ही विचाराल, इतकी जुनाट रिसॉर्ट्स कुणी एवढे पैसे मोजून का घेईल? पुण्यातला जुना वाडा भाडेकरूंसकट गळ्यात पडला, की बिल्डर कपाळावर हात मारतो. इथे भाडेकरूंसाठीच वाडा घेतात.

खरा माल तोच आहे: एकदा सही केलेली माणसं. या कंपन्यांची निम्म्याहून अधिक विक्री जुन्याच सदस्यांना होते. नव्या माणसाला हॉलपर्यंत आणायचं म्हणजे फोन, जेवण, फुकटची तिकिटं, एजंटाचं कमिशन. जुना सदस्य आपल्या खर्चाने, आपल्या गाडीने, बायकोमुलांसह दारात येऊन उभा राहतो. काउंटरवर किल्लीबरोबर त्याला आमंत्रण मिळतं. ‘उद्या सकाळी ओनर अपडेट आहे सर, नाश्ता आमच्याकडून.’

अपडेट कसलं? तुमचं जुनं झालं, हे कळवण्याचं.

एकदा पस्तावलेला माणूस पुन्हा कसा फसतो, असं शहाण्यांना वाटतं. अहो, पस्तावलेलाच फसतो! हवी तेव्हा खोली मिळत नाही, ही त्याची तक्रार. त्यावर औषध एकच सांगितलं जातं: खोली ज्यांच्या बदल्यात मिळते, ते तुमचे पॉइंट कमी पडतात. डायमंड घेतल्यावर हिल्टन ग्रँड व्हेकेशन्सने ‘मॅक्स’ नावाची नवी सदस्यता काढली. दोन्हीकडच्या रिसॉर्ट्सचा लाभ तिच्यात. जुन्या सदस्यांना ती हवी असेल, तर आधी आणखी काहीतरी विकत घ्या.

म्हणजे कंपनीने कंपनी विकत घेतली, आणि तिचं बिल वाटून द्यायला पंगत आधीच बसलेली होती.

या धंद्याचं थर्मामीटर म्हणजे व्हीपीजी. हॉलमध्ये बसवलेल्या दर पाहुण्यामागे, म्हणजे बहुधा दर जोडप्यामागे, सरासरी किती डॉलरची विक्री झाली तो आकडा. सही न करता निसटलेलेही त्यात धरून. मोठ्या कंपन्यांचा आकडा तीन-चार हजार डॉलरच्या आसपास फिरतो. दर तिमाहीला गुंतवणूकदारांपुढे तो वाचून दाखवतात. पाहुण्याला सुट्टी कशी गेली, याचा आकडा नसतो. असता तर वाचला असता का?

जानेवारी २०२४ मध्ये हिल्टन ग्रँड व्हेकेशन्सने ब्लूग्रीन ही टाइमशेअर कंपनी घेतली, कर्ज धरून १५० कोटी डॉलर. सदस्य दोन लाखांवर. पण त्याहून गोड घास वेगळाच होता. बास प्रो शॉप्स ही अमेरिकेतली शिकार आणि मासेमारीच्या सामानाची बलाढ्य दुकानं. आत भुसा भरलेली अस्वलं, काचेच्या टाकीत जिवंत मासे, आणि मधोमध ब्लूग्रीनचा स्टॉल. काठी, दोरा, बूट बघत माणूस पुढे सरकतो आणि कोपऱ्यावर हसतमुख मुलगी विचारते, सुट्टीला कुठे जाता? या दुकानांशी दहा वर्षांचा नवा करारही हिल्टनवाल्यांनी पदरात पाडून घेतला.

गळ विकायच्या दुकानात गळ टाकायची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला बोनस मिळाला असेल अशी आशा आहे.

आणि विंडहॅम? तिची चाल सगळ्यांवर कडी. २०१८ मध्ये हॉटेलं एकीकडे आणि टाइमशेअर दुसरीकडे अशी वाटणी झाली. टाइमशेअरवाल्यांकडे रिसॉर्ट्स आली, सदस्य आले, आणि पूर्वीची कर्मंही. २०१६ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने या कंपनीच्या एका माजी विक्रेतीला दोन कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला होता. तिचा गुन्हा? म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना फसवलं जातंय, हे तिने वरिष्ठांना सांगितलं. शिक्षा? नोकरी गेली.

अशा वेळी माणूस काय करतो? सवयी बदलतो. कंपनी काय करते? नाव बदलते.

जानेवारी २०२१ मध्ये या कंपनीने ‘ट्रॅव्हल प्लस लीझर’ या नामांकित पर्यटन मासिकाचं नाव विकत घेतलं. दहा कोटी डॉलर. मासिक काढायचं काम जुन्याच प्रकाशकाकडे ठेवलं. कंपनीला कागद-शाई नकोच होती, फक्त मास्टहेड हवं होतं. पुढच्याच महिन्यात कंपनीचं नाव ‘ट्रॅव्हल प्लस लीझर कंपनी’ झालं, शेअर बाजारातली आद्याक्षरंही बदलली.

जगातलं उत्तम रिसॉर्ट कोणतं, याच्या याद्या वर्षानुवर्षं जे मासिक छापतं, त्याचं नाव आता रिसॉर्टच्या सुट्ट्या विकणाऱ्याच्या मालकीचं. संपादकीय खातं स्वतंत्र आहे म्हणतात. असेलही. पण फोनवर ‘आम्ही ट्रॅव्हल प्लस लीझरमधून बोलतोय’ असं ऐकल्यावर किती जणांना ती टाइमशेअरवाली कंपनी वाटेल? दहा कोटी डॉलर त्या एका वाक्याचे.

मग चटक लागली. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या क्रीडा मासिकाच्या नावाने रिसॉर्ट्स काढायची घोषणा २०२३ मध्ये झाली. २०२४ मध्ये अकोर या हॉटेल कंपनीचा व्हेकेशन क्लब घेतला. वाचकहो, तुमच्याकडे एखादं बरं नाव पडून असेल तर कळवा. धूळ खात असलं तरी चालेल.

कायदा काय म्हणतो? फ्लोरिडात सही केल्यावर दहा दिवसांत करार मोडता येतो, युरोपात चौदा दिवसांत. आणि त्यानंतर? अमेरिकेत ई-बेवर जा. हजारो डॉलरना घेतलेले आठवडे लोक एक डॉलरला विकायला काढतात. तेही जात नाहीत. कारण आठवड्याच्या शेपटीला देखभालीचं बिल बांधलेलं असतं, हे घेणाऱ्यालाही आता कळतं.

आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदाच नाही. ग्राहक आयोग आहे. तारखा आहेत.

आपल्याकडची नावं मात्र तोलामोलाची. महिंद्रा हॉलिडेज १९९६ पासून आहे. सदस्यता साधारण २५ वर्षांची, हंगामांना रंग: जांभळा, लाल, पांढरा, निळा. गावाकडच्या मामाने ज्या नावाचा ट्रॅक्टर चालवला, त्याच नावाच्या रिसॉर्टवर भाच्याने डोळे मिटून सही केली. नांगरणीची पुण्याई सुट्टीच्या कामी आली, हे ब्रँडिंगचं पुस्तक न वाचताही कळतं. पुढे या कंपनीने फिनलंडची हॉलिडे क्लब रिसॉर्ट्स घेतली. कांदिवलीच्या ट्रॅक्टरचं नाव सौना-बाथपर्यंत पोचलं.

एक गंमत हिशेबातली. पूर्वी सदस्यत्वाच्या रकमेतला ६० टक्के वाटा कंपनी लगेच उत्पन्नात धरायची. २०१८ पासून हिशेबाचे नवे नियम आले आणि ती रक्कम सदस्यतेच्या वर्षांवर पसरावी लागली. कंपनीला २५ वर्षं धीर धरायला लावणारा नियम निघाला. सदस्याला तो धडा पहिल्या दिवसापासून होताच.

चेन्नईची स्टर्लिंग महिंद्राच्याही आधीची, १९८६ ची. २०१४ मध्ये ती थॉमस कुक इंडियाने घेतली. पण थॉमस कुक इंडिया तरी कुणाची? २०१२ पासून कॅनडाच्या फेअरफॅक्सची. नाव फक्त इंग्रजांचं. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची १७८ वर्षांची थॉमस कुक कोसळली. इथल्यांना खुलासे करावे लागले, की बुडाले ते आम्ही नव्हे. परक्याचं आडनाव लावलं, की परक्याच्या सुतकाचीही चौकशी होते.

कुठल्याही कंपनीचा सदस्य गाठा आणि दिवाळीत खोली मिळाली का, एवढंच विचारा. उत्तर ऐकायला वेळ काढून जा. मे महिन्यात? वेटिंग. नाताळात गोवा? हसतात. भर पावसात, मंगळवार ते गुरुवार, एखाद्या आडरानात? या की, स्वागत आहे.

आणि गोव्याच्या किनाऱ्यावर स्क्रॅच कार्ड वाटणारी पोरं? तिथे खरवडलेलं कार्ड रिकामं निघालेलं कुणी पाहिलंय? प्रत्येकाला पहिलं बक्षीस. इतका भाग्यवान देश दुसरा नसेल.

पण महाराष्ट्राने या धंद्यात स्वतःचीही भर घातली आहे. पॅनकार्ड क्लब्स, मुक्काम मुंबई. नावातच आयकर खात्याचा भास. इथे सुट्टीला जायचीही सक्ती नव्हती. हॉटेलच्या खोलीच्या रात्री विकत घ्या. वापरल्या नाहीत तरी मुदतीनंतर वाढीव रक्कम परत. गावोगावच्या एजंटांनी शिक्षकांना, शेतकऱ्यांना, निवृत्तांना त्या रात्री विकल्या. ज्यांनी आयुष्यात हॉटेलात मुक्काम केला नव्हता, त्यांच्या नावावर पुढच्या वर्षांच्या रात्री जमा झाल्या.

एवढ्या रात्रींना पुरतील इतक्या खोल्या होत्या का? हा प्रश्न ‘सेबी’ला पडला, २०१४ मध्ये. हा टाइमशेअर नव्हे, ही सामूहिक गुंतवणूक योजना आहे आणि तिला परवानगी नाही, असं सेबीने म्हटलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश निघाला: ५१ लाखांवर गुंतवणूकदारांचे ७,०३५ कोटी रुपये परत करा. आदेश सुरेख होता. पैसे मागणारी माणसं पुढची कितीतरी वर्षं मोर्चे काढत, अर्ज भरत, खेटे घालत राहिली.

अमेरिकेत एव्हाना कुणीतरी कंपनी विकत घेऊन नवी पाटी लावली असती आणि गुंतवणूकदारांना नाश्त्याला बोलावलं असतं. इथे पाटीला गिऱ्हाईक मिळालं नाही. नाव तेवढं शिल्लक राहिलं, पुण्यात, बाणेरमधल्या एका रस्त्यावर. तिथल्या फ्लॅटच्या जाहिरातीत बिल्डर पत्ता छापतात: पॅनकार्ड क्लब रोड, प्राइम लोकेशन. आणि रॉयल्टी कुणालाच द्यावी लागत नाही.